फोटोतलं घर

"मावशी, हे तुमचे मिस्टर. जरा जवळ सरका," फोटोग्राफर म्हणाला.

शेजारी आणून बसवलेल्या म्हाताऱ्या नटाकडे तिनं चष्म्यावरून पाहिलं. "सत्तरीला टेकल्यावर दुसरा संसार! पहिले निदान ओळखीचे होते, हिशेबखात्यातले."

सगळे हसले. तीही हसली. एकटं राहणाऱ्या माणसाला विनोद घरूनच तयार करून आणावे लागतात.

चाळीस वर्षांपूर्वी 'झुळूक' हे संत्र्याचं थंड पेय बाजारात आलं, तेव्हा ती त्या कंपनीत टायपिस्ट होती. जाहिरातीसाठी ठरवलेली नटी ऐनवेळी आलीच नाही, म्हणून साहेबांनी हिला मशिनवरून उठवलं, कुणाचेतरी कानातले चढवले आणि आई केलं. हिशेबनीस बाबा झाले, गोदामवाल्याचा पोरगा मुलगा, आणि बाटल्या भरणाऱ्या बाईची पाच वर्षांची पोर मुलगी. पोर भेदरून हिच्या मांडीवरून उतरेना. तसाच फोटो निघाला.

ते हसरं घर दुकानांच्या पाट्यांवर, कॅलेंडरांवर, बसच्या पाठीवर वीस वर्षं नांदलं. हिचं लग्न मात्र राहूनच गेलं. ऑफिसात सगळे तिला 'आई' म्हणायचे. आधी चिडवायला, मग सवयीनं. पुढे मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या आल्या आणि कारखान्याला टाळं लागलं. आता कुणीतरी झुळूकचं नाव विकत घेऊन तोच फोटो नव्यानं काढत होतं. हिशेबनीस वारले होते, मुलगा परदेशी. मुलगी तेवढी येणार होती.

फोटो झाला की तिला घरी जेवायला न्यायचं, एवढंच हिनं आठवडाभर घोकलं होतं. भाजी चिरून ठेवली होती. दुसरी खुर्ची पुसली होती.

मुलगी आली. कानांपाशी केस पिकलेले, डोळे ओढलेले.

"ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं? मांडी अजून दुखतेय."

मुलगी हसली, शेजारी बसली. फोटोचे दिवे लावेपर्यंत हळूच म्हणाली, "आई गेली माझी. महिना झाला."

"अगं बाई! मला कुणी सांगितलंच नाही गं."

"शाळेत पोरं विचारायची, बसवरची ती तुझी आई का? मी खुशाल हो म्हणायचे. माझ्या आईला सगळं ठाऊक होतं. आजारपणात एकदाच बोलली. म्हणाली, पोरगी माझी, नि मिरवली तिनं."

ओठांवर आलेलं जेवणाचं बोलणं हिनं गिळून टाकलं. त्या बाईचं आणखी काही आपण न्यायला नको.

"मॅडम, आईच्या खांद्यावर डोकं टेका. हां! आणि हसा!"

उजेड लखकन पडून गेला. "झालं! मस्त!"

नट उठला. माणसं वायरी गुंडाळायला लागली, बाटल्या खोक्यात गेल्या. मुलीचं डोकं मात्र खांद्यावरून उठलं नाही. पदराखाली खांदा ओलसर होत चालला. हे रडणं आपल्यासाठी नाही, हे हिला कळत होतं. खांद्याला रग लागली, तरी तिनं तो हलवला नाही.

खुर्च्या उचलायला एक माणूस समोर येऊन उभा राहिला. आधी बाकीच्या घेऊन जा, असं तिनं त्याला नुसत्या डोळ्यांनी सांगितलं.