दाराला बांधलेली दोरी

मी एक जुना फ्रीज आहे. घरातला नव्हे, दुकानातला. काचेच्या दाराचा, उभा, थंड्याच्या बाटल्या ठेवतात तो. मित्रांनो, उन्हातून आल्यावर तुम्ही ज्याच्या काचेला गाल लावून उभे राहता आणि दुकानदाराची बोलणी खाता, तोच मी. गालांचे डाग पडतात हे खरं, पण मला त्याचा कधी राग आला नाही.

माझ्या कपाळावर एका कंपनीचं नाव होतं. ते मी सांगणार नाही. आता त्यावर काळा रंग आहे. तो रंग का लागला आणि त्यानंतर काय झालं, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तेव्हा माझा रुबाब काही वेगळाच होता. आतला दिवा लागला की बाटल्या अशा चमकायच्या, की तहान नसलेल्या माणसाचाही घसा कोरडा पडावा. पहिली काही वर्षं मी कसाऱ्याला, महामार्गाजवळच्या एका हॉटेलात काढली. घाट चढण्याआधी ट्रकवाले थांबत, बाटली काढत आणि माझं दार धाडकन आपटून निघून जात. माझ्याकडे वळून कोणी पाहत नसे. पुढे हॉटेलवाल्याला नवाकोरा फ्रीज मिळाला आणि कंपनीच्या टेम्पोने मला डोळखांबच्या पलीकडे एका पाड्यावर आणून उतरवलं. दुकान होतं रंभाबाईंचं. कुडाच्या भिंती, वर पत्रे, समोर शेणाने सारवलेलं अंगण. मी मनात म्हटलं, संपलं आपलं आयुष्य.

पण मित्रांनो, खरं आयुष्य तिथेच सुरू झालं.

कंपनी असा फ्रीज दुकानदाराला फुकट देते, पण एक अट घालते. आत फक्त कंपनीच्याच बाटल्या ठेवायच्या, दुसरं काही नाही. कंपनीच्या माणसाने ही अट रंभाबाईंना दोनदा सांगितली. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली. टेम्पो वळणाआड जायच्या आतच त्यांनी माझ्या पोटात दुधाची पिशवी आणि शेजारच्या लग्नाच्या अबोलीच्या वेण्या ठेवल्या. त्या पाड्यावर दुसरा फ्रीज नव्हता. त्यामुळे मी सगळ्यांचाच झालो. कुणाचा पाय मुरगळला की त्यावर धरायला गार बाटली माझ्याकडून जायची. पाहुण्यांसाठी आणलेले मासे माझ्याकडे मुक्कामाला असायचे आणि मग रात्रभर बाटल्यांनाही त्यांचा वास यायचा. रंभाबाईंचे यजमान कमळूकाका तेवढे कुरकुरायचे. स्वभावाने गरीब माणूस, बायकोच्या शब्दाबाहेर नाही.

त्या सगळ्या वस्तूंत एक लहान स्टीलचा डबा होता. तो ठमीबाईंचा.

ठमीबाई शेजारीच राहायच्या. नवरा लवकर गेला. लोकांच्या शेतात भात लावून, लग्नकार्यात भाकऱ्या भाजून त्यांनी एकुलत्या एका संदेशला बारावीपर्यंत शिकवलं. संदेश भिवंडीला एका गोदामात कामाला लागला आणि तिकडेच मित्रांबरोबर खोली करून राहू लागला. सुट्टी असली की गावी यायचा. मुलगा चांगला होता हो. येताना आईला आठवणीने खारी आणायचा. मग आईला साखरेचा आजार निघाला. शहापूरच्या डॉक्टरांनी रोज इन्सुलिनची सुई घ्यायला सांगितलं आणि औषध फ्रीजमध्ये ठेवा असं बजावलं. ठमीबाई ते ऐकून हिरमुसून परत आल्या.

"आमच्याकडं कुठला फ्रीज?" त्या म्हणाल्या.

"मग हा काय मेलाय का गो?" रंभाबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तुझा डबा राहील हितं. कंपनीवाला आला की बाटल्या पुढं सारीन."

तेव्हापासून तो डबा माझ्या सर्वांत खालच्या फळीवर, बाटल्यांच्या मागे राहू लागला. रोज सकाळी ठमीबाई यायच्या, डबा काढायच्या, आतल्या खोलीत जाऊन सुई घ्यायच्या आणि डबा परत ठेवताना दार अगदी हलक्या हाताने लावायच्या. ट्रकवाल्यांचे धक्के खाल्लेला मी, मला त्या हाताची सवय झाली. मी मनापासून त्यांचं औषध गार ठेवलं. आयुष्यात केलेल्या कामांपैकी त्याच एका कामाचा मला अभिमान आहे. आई सुई घेते एवढं संदेशला माहीत होतं. औषध कुठे राहतं, हे मात्र त्याने कधी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

मग निवडणुकीचे दिवस आले. माझ्या कंपनीचा मालक टीव्हीवर बोलला. फुकटचं रेशन खाणाऱ्यांना मत देण्याचा हक्कच कशाला हवा, असं तो हसत हसत म्हणाला. ते बोलणं सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं. शहरातल्या लोकांनी ठरवलं, याच्या बाटल्या घ्यायच्या नाहीत. मित्रांनो, आमच्या पाड्यावर रेशनचा तांदूळ न खाणारं एकही घर नाही. लोकांना ते शब्द झोंबले. मी त्याच मालकाचं नाव कपाळावर घेऊन उभा होतो. मला फार लाज वाटली.

संदेश तेव्हा एका लग्नासाठी गावी आला होता. त्याने गावदेवीच्या पारावर सगळ्यांना गोळा केलं.

"आमी फुकटं खातो काय?" तो म्हणाला. "हितली धरणं भरतात ती कुणाच्या जमिनीवर? आमी शहराला पाणी दिलं तवा ते फुकट दिलं असं कोणी म्हणालं? तो शेठ माफी मागत नाय तोवर त्याच्या मालाला हात लावायचा नाय. त्या फ्रीजचं दारपण उघडायचं नाय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारी माणसं मान डोलावू लागली. आणि पारापासून जरा लांब, बायकांमध्ये बसलेल्या ठमीबाईंनी डोळ्याला पदर लावला. बाप नसलेलं आपलं पोर, ज्याला आजवर कोणी बैठकीत पुढे बसवलं नव्हतं, त्याचं आज सारा पाडा ऐकत होता.

रंभाबाई त्या वेळी असत्या तर! पण त्या मुरबाडला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. दुकानात एकटे कमळूकाका, आणि त्या गडबडीत त्यांना डबा आठवलाच नाही. पोरांनी मला ओढत अंगणात आणलं. वायर काढली, कपाळावर काळा रंग फासला. एकाने बाटल्या फोडायला दगड उचलला, तर संदेशने त्याचा हात धरला. "नासधूस नको. काकांचं नुकसान नको. फक्त बंद करायचा," तो म्हणाला. किती शहाणपणाचं बोलला! पण फोडल्या असत्या तर फार बरं झालं असतं, मित्रांनो. बाटल्यांच्या मागचा डबा दिसला असता.

माझ्या दाराभोवती दोरी गुंडाळली. दोरीला नारळ बांधला आणि गावदेवीची आण घातली. दोरी सोडील त्याने देवीचा शब्द मोडला, असं मानायचं. आमच्याकडे अशी आण घातली की माणसं त्या वस्तूच्या सावलीलाही जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी संदेश भिवंडीला कामावर परत गेला. सकाळी ठमीबाई नेहमीसारख्या आल्या. माझ्यासमोर थांबल्या. काचेवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. काच तापली होती.

"वयनी, थांब, मी दोरी सोडतो," कमळूकाका म्हणाले. "कोण बघतंय?"

"नको भाऊ. देवीची आण हाय."

"मग संदेशला फोन करतो. तो येऊन सोडील."

"त्याला तर अजिबात सांगू नको!" ठमीबाई घाबरल्या. "तो पळत यील आन् सगळ्यांच्या देखत दोरी सोडील. मग लोकं काय म्हणतील? पयल्यांदा पोरगं गावात उभं राहून बोललं, आन् त्याच्या आईनंच त्याचा शब्द मोडला? माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. नवी आणायची तर त्याच्याकडंच पैसं मागावं लागतील. चार दिस सुई नाय घेतली तर काय होतंय? तवर तो शेठ माफी मागतोच."

त्यांना खरंच वाटत होतं, की शेठ माफी मागणार. डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यावर आपल्या कंपनीचा फ्रीज दोरीने बांधलाय, हे त्याला कळलं असणार आणि तो हादरला असणार, असं त्या भोळ्या बाईला वाटत होतं. मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो. त्याला तुमच्या पाड्याचं नावही ठाऊक नाही हो, ठमीबाई. सोडा ती दोरी.

पण फ्रीजला कोण विचारतो? मी तर घरघरतही नव्हतो.

त्या रोज येऊन कमळूकाकांना विचारायच्या, "आली का रे बातमी? मागितली का माफी?" काका मोबाइल बघून नाही म्हणून मान हलवायचे. मे महिन्याचं ऊन माझ्या काचेतून आत शिरत होतं. ज्या पोटाने इतकी वर्षं गारवा दिला, त्यात आता हात घालता आला नसता. ठमीबाईंना सारखी तहान लागू लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायच्या, तरी ओठ कोरडेच. चालताना भिंतीचा आधार घेऊ लागल्या. संध्याकाळी संदेशचा फोन आला की मात्र आवाज खणखणीत काढायच्या. "जेवले रे. मी चांगली हाय. हितं सगळी तुझंच नाव घेतात." फोन ठेवला की ओट्यावर तशाच बसून राहायच्या. कमळूकाकांनी एकदा रंभाबाईंना फोन लावला, पण शपथ आठवली आणि बाळाचीच चौकशी करून ठेवून दिला.

एका दुपारी रंभाबाई जीपमधून उतरल्या. काळं कपाळ, नारळ, दोरी, सगळं बघून त्या जागीच थबकल्या.

"ठमीची सुई?" त्यांनी एवढंच विचारलं.

कमळूकाकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. रंभाबाईंनी पिशवी टाकली, घरातून कोयता आणला आणि एका घावात दोरी तोडली. "आण लागायची ती मला लागू दे!" नारळ गडगडत गेला. त्यांनी बाटल्या भराभर बाहेर टाकल्या आणि डबा उचलला. तो हातात धरवत नव्हता. पदरात घेऊन त्या शेजारी धावल्या. ठमीबाई चुलीपाशी पडल्या होत्या. हाक मारली तर डोळे उघडत नव्हत्या.

त्याच जीपने त्यांना शहापूरला नेलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ठमीबाई घरी परत आल्या नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर संदेश दुकानात आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. तो माझ्यासमोर बसला आणि त्याने माझं दार उघडलं. आत काहीच उरलं नव्हतं. तो रिकाम्या फळ्यांकडे बघत राहिला.

"काकी, तिनं मला सांगितलं का नाय गो?" तो म्हणाला. "एक शब्द बोलली असती तर मी दातांनी सोडली असती दोरी."

"म्हणूनच नाय बोलली," रंभाबाई म्हणाल्या. मग त्या त्याच्याजवळ बसल्या, त्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि दोघंही रडली. कमळूकाका दारात उभे होते. ते बिचारे आत आलेच नाहीत.

त्यानंतर मला कोणी सुरू केलं नाही. आतलं यंत्र बिघडलं आहे की नाही, तेही कोणी पाहिलं नाही. कंपनीने मला परत नेलं नाही. आता मी दुकानामागे कुंपणाला टेकून उभा आहे. कोंबड्या माझ्या फळ्यांवर अंडी घालतात. निवडणूक कधीच झाली. शेठने माफी मागितली नाही. शहापूरच्या दुकानांत त्याच्या बाटल्या पुन्हा रांगेने लागल्या आहेत, असं कमळूकाका सांगतात. आमच्या पाड्यावर मात्र अजूनही कोणी ती बाटली घेत नाही. संदेश तर तिच्याकडे बघतही नाही, आणि मला वाटतं, त्याचं बरोबरच आहे. ते बोलणं वाईट होतं. गरिबाचा अपमान झाला की राग यायलाच हवा.

तेव्हा मित्रांनो, रागावू नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मोठे व्हाल तेव्हा तुम्हालाही कुणाचं बोलणं सहन होणार नाही. तुम्हीही म्हणाल, याची वस्तू नको, याचं दुकान बंद करा. जरूर म्हणा. पण बंद करण्याआधी दार उघडून आत बघा. आत कुणाचं काय ठेवलं आहे, ते विचारा. शेठ फार लांब असतो, त्याच्यापर्यंत आपली दोरी पोचत नाही.

आणि आज घरी गेलात की माझ्यासाठी एवढंच करा. आपली आई कोणतं औषध घेते आणि ते कुठे ठेवते, हे तिच्याजवळ बसून तिला विचारा. संदेशला ते आता विचारता येत नाही.