चौथा पिस्टन

मित्रांनो, ओमेश्वरभाऊंच्या देवरीतल्या घरात दाराला टेकून बसलेला जो लोखंडी पेल्यासारखा गोळा दिसतो, तो मी. पेला नाही, मी एक जुना पिस्टन आहे. इंजिनाच्या नळीत वर-खाली धावायचे आणि चाकांना जोर द्यायचा, हेच माझे काम होते.

माझी तरुणपणाची वर्षे एका छोट्या मालट्रकच्या इंजिनात गेली. त्या इंजिनाला टर्बो होता. म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरायचा आणि तो इंजिनात जास्त हवा कोंबायचा. जास्त हवा, जास्त आग, जास्त ताकद. ती आग सोसता यावी म्हणून माझे अंग जाड आणि डोके खोलगट घडवले होते. पुढे इंजिनाचा सांगाडा फुटला आणि मी गोंदियाला छोटेलालच्या भंगारात येऊन पडलो. पाच पावसाळे माझ्यावर गंज चढला. पुन्हा एकदा धावावे, एवढीच इच्छा होती.

२००४ च्या पौषात मुन्नालाल मिस्त्री तिथे आले. ओमेश्वरभाऊंच्या जुन्या जीपला टर्बो बसवायचा होता. तिचे मूळचे पिस्टन ती आग सोसणार नव्हते, म्हणून टर्बोच्या इंजिनातले चार हवे होते. छोटेलालकडे एका जातीचे तीनच निघाले. चौथा म्हणून त्याने मला पुढे केले. मिस्त्रींनी घेर मोजला. चौघांचाही सारखा! पण आडवी पिन जाते ते माझे छिद्र त्या तिघांपेक्षा जरासे खाली होते. म्हणजे नळीत मी त्यांच्याहून वर चढणार होतो. मला ते कळत होते, मित्रांनो. पण धावायची हाव इतकी होती की गप्प राहावेसे वाटले.

जीपला टर्बो हवा होता, त्याला कारण होते. ओमेश्वरभाऊंच्या पत्नी दुर्गेश्वरीताईंचे माहेर सालेकशाला. दिवाळीला दहा महिन्यांच्या योगेश्वरीला मांडीवर घेऊन त्या निघाल्या, तर दरेकशाच्या चढावर भरलेली जीप दमली आणि मागे घसरू लागली. भाऊंनी कशीबशी दगडाला अडवली. तेव्हापासून ताईंनी लेकीला त्या गाडीत बसवले नव्हते. आणि आता माघी पौर्णिमेला भाऊंना त्याच घाटातून कचारगडच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांसोबत त्या दोघींनाही न्यायचे होते.

इंजिन अंगणातच उघडले होते. तिघांबरोबर मीही नळीत बसलो. तेल लागले तसा जीव हरखला. ताई लेकीला कडेवर घेऊन उभ्या होत्या.

"अजी, हे चारही एकाच इंजिनातले आहेत कां?"

"कायले चिंता करून राहिली तू?" भाऊ हसले. "मिस्त्रीनं मोजले ना."

"भाभी, तीस साल झाले हात काळे करून राहिलो," मुन्नालाल म्हणाले. "घेर बरोबर, तर सब बरोबर."

"घेर मोजला. उंची कोणी मोजली?"

ताई आत गेल्या आणि परातीतली कणीक घेऊन आल्या.

"पॉलिटेक्निक कॉलेजात आम्ही बारीक फट पाहायला मेण दाबत होतो. घरात मेण नाही. चौघांच्या डोक्याच्या काठावर एकेक गोळी ठेवा, झाकण कसा, अन् इंजिन हातानं फिरवा."

"आता इंजिनाले पोळी खाऊ घालता कां, भाभी?"

"खाऊ द्या. माझी लेक बसणार आहे त्या गाडीत."

मुन्नालाल कुरकुरत कामाला लागले. झाकण कसले, इंजिन हाताने दोन फेरे फिरवले, पुन्हा खोलले. तिघांच्या डोक्यावर कणीक छान जाड उरली होती. माझ्या डोक्यावरची कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली होती, खालचे लोखंड दिसत होते.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "गरम झाल्यावर हा अजून फुगला असता. सीधा झाकणाला आपटला असता. घाटात इंजिन फुटलं असतं, भाऊ."

ओमेश्वरभाऊंनी लेकीला ताईंच्या कडेवरून घेतले आणि छातीशी धरले. तिच्या मुठीत कणकेचा गोळा होता. माझी लाज त्या दिवशी मलाच पेलवेना.

मला बाहेर काढले. तिघांच्या जातीचा चौथा शोधायला मिस्त्रींना पार नागपूर गाठावे लागले. यात्रेचा पहिला दिवस हुकला. नव्यावरही ताईंनी आधी कणीक दाबून पाहिली, मगच झाकण कायमचे बसले. दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर मायलेकी बसल्या आणि जीप दरेकशाचा घाट एका दमात चढली. हे मला संध्याकाळी कळले, कारण ताई परतल्या त्या हसतच.

"याले भंगारात टाकू कां?" भाऊंनी मला पायाने सरकवत विचारले.

"राहू द्या जी. वाऱ्यानं दार आपटते, पोरीचं बोट सापडेल."

तेव्हापासून मी दाराशी आहे. योगेश्वरी माझा आधार घेऊन उभी राहायला शिकली. आता ती शाळेत जाते आणि माझ्या खोलगट डोक्यात पेन्सिलीचे तुकडे ठेवते. मी पुन्हा धावलो नाही, त्याची आता खंत नाही.

मित्रांनो, एवढेच मागतो. कोणी घाबरून पुन्हा विचारले, तर त्याला हसू नका. झाकण लावण्याआधी एकदा मोजून बघा. आणि जो बसत नाही त्याला फेकूही नका. घरात त्याच्याजोगे एखादे दार असतेच.