दोन बोटं मोठी

माझा धंदाच मापाचा. बावीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करतोय, शर्ट आत घेतोय. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप काढायच्या आधी कंबर सांगतो, आणि याची मला घमेंड आहे. होती म्हणा.

आमच्या घरात मात्र मापाचं काही घेतलं जात नाही. गणवेश, बूट, रेनकोट, सगळं दोन बोटं मोठं, वाढत्या अंगाचं. शिवणीत जादा कापड ठेवायचं आणि पोर वाढली की उसवून मोकळं करायचं. माझ्या वडिलांनी मला असंच वाढवलं, मी माझ्या मुलीला. मोठं असेल तर आत घेता येतं, लहान असेल तर हात टेकावे लागतात, हे मी दुकानात दिवसातून दहादा ऐकवतो.

मुलगी सतराची. क्लबची सायकल मागून आणून ती शर्यतीच्या संघाच्या निवडीपर्यंत पोचली होती. पुढं जायचं तर स्वतःची रोड बाईक हवी, असं तिच्या कोचनं सांगितलं. पातळ टायर, खाली वळलेलं हँडल, वजनाला हलकी. नवीची किंमत ऐकून मी पाणी मागितलं. मग मी, बायको आणि मुलगी, आम्ही तिघं जुन्या सायकलींच्या दुकानात गेलो.

सायकलवाला कमी बोलणारा, बोटं ग्रीसनं काळी. आमचं बजेट ऐकून त्यानं दोन सायकली पुढं काढल्या. एक राखाडी, रंग उडालेली, गिअर साधेच. दुसरी लाल, चकचकीत, गिअर वरच्या दर्जाचे, आणि किंमत तीच. लाल एवढी स्वस्त का, असं मी विचारलं. तो म्हणाला, फ्रेम मोठ्या मापाची आहे, वर्षभर पडून आहे. त्यानं मुलीला दोन्हींवर बसवून पाहिलं. राखाडीवर ती घरच्यासारखी बसली. लालवर तिचे हात ताणले गेले आणि ब्रेकच्या दांडीला बोटांची नुसती टोकं लागली.

"राखाडी घ्या," सायकलवाला म्हणाला. "तिच्या मापाची आहे."

मला हसू आलं. हा मला माप शिकवणार! पोरीचं वाढतं वय आहे, सीट खाली केली की झालं, असं मी त्याला समजावलं.

"सीट खाली होते," तो म्हणाला. "फ्रेम आत घेता येत नाही."

बायको हळूच म्हणाली, दोन वर्षांत ती बोटभरसुद्धा वाढलेली नाही, तिच्या पँटी तुम्हीच शिवता ना? मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. चारचौघांत मापावरून कुणी बोललेलं मला खपत नाही. मुलीला विचारलं, तेव्हा ती राखाडीकडे बघत होती. मग म्हणाली, चालेल, बाबा. आमची पोर अशीच, वडिलांच्या शब्दाबाहेर नाही. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

लाल घेतली. सायकलवाल्यानं तिची सीट पार खाली केली, हँडल होईल तेवढं जवळ आणलं. निघताना त्यानं तिलाच सांगितलं, मला नाही, की उतारावर आधीपासून ब्रेकवर हात ठेव.

महिनाभर तिनं ती चालवली. खांदे दुखायचे, पण माझ्यासमोर बोलायची नाही. आईकडून मलम चोळून घ्यायची. ब्रेक लावताना ती तळवा हँडलवरून उचलून पुढं सरकवायची. हे मी माझ्या दुकानाच्या काचेतून पाहिलं होतं. एकदा नाही, रोज. वाटायचं, वर्षभरात पुरेल हात.

निवडीच्या आदल्या रविवारी, सरावात, लांब उतारावर पुढची गाडी एकदम थांबली. तिचा हात ब्रेककडे सरकत असतानाच चाक खड्ड्यात गेलं आणि हँडल निसटलं. मागून येणाऱ्या मैत्रिणीनं हे सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. तीन ऑपरेशनं झाली. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला, पण गुडघा आता वाकणार नाही. सायकलचं मी विचारलंच नाही. ताठ गुडघ्यानं पेडल फिरत नाही, हे कळायला डॉक्टर लागत नाही.

तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर निदान मला तोंड लपवता आलं असतं. राखाडी सायकल अजून त्या दुकानाच्या दारात उभी असते, म्हणून मी तो रस्ता सोडलाय.

परवा कुबड्या आणायला गेलो, पुन्हा तिघंच. कुबडीच्या दांडीला एकाखाली एक भोकं असतात, उंची बघून खिट्टी बसवायची. दुकानातल्या बाईनं तिला भिंतीला टेकवून उभं केलं आणि माप घेतलं. आणि बावीस वर्षांची सवय झालेली माझी जीभ बोलून गेली, की एक भोक मोठी ठेवा, वाढतं वय आहे.

बाईचा हात थांबला. बायकोनं तोंड फिरवलं.

"नाही, बाबा," मुलगी म्हणाली. "ह्या माझ्या मापाच्या असू देत."

आवाज चढवला नाही तिनं. पण सतरा वर्षांत ती मला पहिल्यांदाच नाही म्हणाली होती. सायकलच्या दुकानातच म्हणायला हवं होतं, आणि तेव्हा ते ऐकणारा बाप हवा होता. बाईनं तिच्या मापाच्या भोकात खिट्टी बसवली आणि मी वाटेतून बाजूला झालो.