सत्तारचाचांचा जाळीदार मुखवटा

मी एक मुखवटा बोलतोय. नाटकातला नव्हे, जत्रेतलाही नव्हे. अमरावतीच्या एका दवाखान्यात कॅन्सरवर किरणोपचार करतात, तिथे माझा जन्म झाला.

त्याआधी मी प्लास्टिकचा नुसता सपाट, जाळीदार पत्रा होतो. गरम पाण्यात बुडवल्यावर मी ओल्या पापडासारखा मऊ पडलो. तसाच उचलून त्यांनी मला एका माणसाच्या तोंडावर ताणून बसवलं. थोड्या वेळात मी कडक झालो आणि मला नाक, हनुवटी, गाल, मान सगळं मिळालं. ते अब्दुल सत्तार यांचं होतं.

सत्तारचाचा वरूडच्या संत्रा बाजारात हर्रास बोलायचे. लिलावाला आमच्याकडे हर्रास म्हणतात. ट्रॅक्टरची धडधड त्यांच्या आवाजापुढे फिकी पडायची. त्याच गळ्यात गाठ निघाली आणि मानेतही तिच्यातूनच पसरलेली एक लहान गाठ. खर्ऱ्याची, म्हणजे सुपारीत घोटलेल्या तंबाखूची, जुनी सवय नडली.

माझं काम सोपं होतं. टेबलाला खटके लावून चाचांना हलू द्यायचं नाही. पहिल्या दिवशी मला काढल्याबरोबर ते म्हणाले, "मॅडम, यानं तं मले बांधूनच टाकलं."

डॉक्टर आकांक्षा हसल्या. "तुम्ही हललात तर नेम हलेल, चाचा. म्हणून तो धरतो."

पुढे चाचांचं तोंड आलं, चव गेली. त्यांच्या बायकोने, हलीमाबीने, पातळ खिचडीवर त्यांना जगवलं. गाल बसले, तसा मी जरा सैल झालो. रोज किरण देण्याआधी फोटो काढून जागा जुळवून घेत, तरी मला धाकधूक वाटायची.

उपचार संपले. चाचांनी मला घरी आणलं.

"हे कावून आणलं?" हलीमाबीने विचारलं.

"माह्या सोबतीचा हाय तो," म्हणून त्यांनी मला संत्री भरायच्या शेडमध्ये टांगलं.

वर्षभर मजेत गेलं. मग एकदा चाचांच्या मानेला तेल लावताना हलीमाबीचा हात थांबला. "अजी, हे काय लागून राहिलं हाताले?"

दुसऱ्याच दिवशी दोघं अमरावतीला गेले. आपली गरज पडेल म्हणून चाचांनी मलाही पिशवीत घातलं. डॉक्टरबाईंनी मला त्यांच्या तोंडावर धरून पाहिलं, तर मी बसेचना. चाचांचे गाल चांगले भरले होते. सगळे हसले. आपण निरुपयोगी झालो याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पण तपासणीत गाठ कॅन्सरचीच निघाली. मी पिशवीत गार पडलो. माझीच पकड सुटली असेल का?

चाचांनीही तेच विचारलं. "नेम चुकला का, मॅडम?"

डॉक्टरबाईंनी नवा स्कॅन उपचारांच्या जुन्या आराखड्यावर ठेवून दाखवला. "हे बघा. गाठ बरोबर जुन्याच जागी आहे, जिथं किरणांची पूर्ण मात्रा पोचली होती. नेम नाही चुकला. काही चिवट पेशी वाचल्या. कॅन्सर परत आला तर बहुतेकदा मूळ जागी नाहीतर तिच्या आसपासच येतो. म्हणून तर तुम्हाला तपासणीला बोलावते. लहान आहे, ऑपरेशननं काढू."

"काढून टाका मंग," चाचा म्हणाले.

ऑपरेशन झालं. आज चाचा पुन्हा हर्रास बोलतात. आवाज थोडा घोगरा आहे, एवढंच.

काल वरूडला बहिणीकडे उतरलेल्या नांदगाव खंडेश्वरच्या सत्यभामाबाई डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून शेडमध्ये आल्या. गालाच्या कॅन्सरचं त्यांचं ऑपरेशन झालंय आणि आज त्यांचा मुखवटा बनायचाय. भीतीने त्यांचं जेवण सुटलं होतं. चाचांनी मला खाली काढून त्यांच्या हातात दिलं.

"जीव घाबरत नाही का याच्यात?"

"पहिल्यांदा घाबरते. हवा येते पण. मी तं आतमंदी मनातल्या मनात भाव बोलत राहो."

बाई हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "उद्या तुमी येसान का संगं?"

"येतो ना."

सकाळच्या एसटीने दोघं गेले. मी खिळ्यावरच आहे. तुम्हाला एवढंच सांगतो: तोंडात बरी न होणारी जखम असो की मानेत नवी गाठ, आज-उद्या करू नका, डॉक्टरला दाखवा.

एव्हाना माझा नवा भाऊ गरम पाण्यातून निघाला असेल. बाबा रे, सत्यभामाबाईंना नीट धर. बाकीचं त्या करतील.