बिनदाताची माशी

मी एक जुनी माशी आहे मित्रांनो, आणि खोटी आहे. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मासे धरायच्या गळावर पीस बांधून मला केलं आहे. पीस जूचंद्र गावच्या रंभाकाकूंच्या कोंबड्याच्या मानेचं, दोरा त्यांच्या सुनेच्या, रीमाच्या, शिलाई मशीनचा. बांधलं त्यांच्या मुलाने, दीपेशने. गळाला एक उलटा दात असतो, त्यामुळे अडकलेला मासा सुटत नाही. दीपेशने पकडीने माझा तो दात दाबून सपाट केला. मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि जिवंत सोडायचा, हा त्याचा नाद.

या नादापायी आम्ही काय काय ऐकलं! सुट्टीच्या दिवशी दीपेश खाडीच्या बांधावर उभा राहून लांब दोरी मागेपुढे झुलवी आणि मला पाण्यावर अलगद टेकवी. गाव म्हणे, नोकरीवाला माणूस बांधावर माशा मारतो. त्याचे वडील धर्माकाका मला बोळकी म्हणत. "मासा धरतस न् सोरतस? मंग धरतस कशाला?" म्हणोत बापडे! मला दात नाही याची मला कधीच लाज वाटली नाही.

बांधाला उघाडी आहे, म्हणजे भरतीचं पाणी आतबाहेर करणारं दार. तिच्यापाशी खोल डोह आहे. वरच्या अंगाला कोणीतरी रसायनांची पिंपं धुऊन पाणी सोडू लागलं, तसा तो काळवंडला. तळाशी इतका राडारोडा साचला की जाळी फाटू लागली आणि लोकांनी ती टाकणंच सोडलं. मग एक ठेकेदार आला. डोह बुजवून गोदामाकडे रस्ता काढतो म्हणाला.

"मासा तरी उरलाय का इथे? गटार झालंय नुसतं."

निम्मं गाव माना डोलवू लागलं. मला असा संताप आला! दीपेश म्हणाला, "मासा दाखवला तर डोह राहील?" पंच म्हणाले, दाखव.

ठरल्या दिवशी भरतीला सगळे बांधावर जमले. धर्माकाका मात्र वैतागलेले होते. लेकीच्या सासरचे व्याही जेवायला येणार होते. व्याह्याच्या ताटात जिताडा मासा नसेल तर आमच्याकडे खाली मान घालावी लागते, आणि बाजारात जिताडा मिळाला नव्हता.

दीपेशने मला पाण्यावर टेकवलं. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. लोक कंटाळून परत निघाले. तेवढ्यात खालून एक जबडा उघडला आणि मी आत गेले. जिताडा! माझी पिसं उपटली गेली, पण मी सोडलं नाही. धर्माकाका गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी मासा कवेत घेतला.

"ह्यो माझ्या व्याह्याच्या ताटान जानार!"

ठेकेदार हसला. "न्या काका, खुशाल न्या. एक होता, तोही संपला."

काका थबकले. एका हाताशी घराची अब्रू, दुसऱ्या हाताशी डोह. बांधावरून रंभाकाकू ओरडल्या, "सोरा त्याला! व्याही पुढच्या वर्साला पन येतील. ह्यो येल क?"

काकांनी स्वतःच्या हाताने मला जरासं वळवलं. दात असता तर त्याचा जबडा फाटला असता. मी अलगद निघाले आणि जिताडा शेपटीचा फटकारा मारून खोल गेला. व्याह्यांना वालाचं बिरडं वाढलं. ते रुसले, रुसू देत.

पंचांनी भराव थांबवला. पण काळं पाणी अजून येतं, आणि ठेकेदारही. म्हणून सांगते मित्रांनो, मला गंज चढला म्हणून हळहळू नका, मला काचेच्या पेटीत ठेवू नका. निगा राखायची तर त्या डोहाची राखा. कोणी त्याला गटार म्हटलं तर मान डोलवू नका.

परवाच ठेकेदार पुन्हा आला होता. "कुठाय तुमचा मासा, काका?"

धर्माकाका जागचे हलले नाहीत.

"पान्यान हाय," ते म्हणाले, "न् आमी बांधावर हाव."