सहा शर्ट, सात दिवस

गाझियाबादच्या त्या कॉलनीत विश्वनाथरावांच्या पांढऱ्या शर्टांची मोठी कीर्ती होती. दिल्लीला मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेले विश्वनाथराव सोमवार ते शुक्रवार पांढराच शर्ट घालत आणि भेटेल त्याला कॉलर उलटून दाखवत. "स्वच्छता स्वभावात असावी लागते," असं ते म्हणत. त्यांच्या स्वभावातली ही स्वच्छता रोज सकाळी न्हाणीघराच्या फरशीवर वृंदाताई घासून काढत. तेवढं सांगायचं मात्र राहून जाई.

वृंदाताईंचं मागणं एकच होतं. समोरच्या ब्लॉकमध्ये चंद्रप्रभाबाईंकडे दरवर्षी सात दिवस पोथीचं पारायण असे. बसल्यापासून आरतीपर्यंत दुसरा शब्द बोलायचा नाही, मधे उठायचं नाही. तीन वर्षं वृंदाताईंनी ते पुरं करायचा संकल्प केला आणि तिन्ही वर्षं तो शर्टांपायी मोडला. एकदा बटण तुटलं, एकदा कॉलरला डाग पडला, आणि एकदा नुसतंच "अगं, नीळ कुठं ठेवलीस?"

यंदा त्या म्हणाल्या, "अहो, सात दिवस शर्टांचं तेवढं तुम्ही बघाल?"

"बिल्कुल! त्यात काय ब्रह्मविद्या आहे?"

"तसं नाही, पण बोअरच्या मोटरचं पाणी लगेच घेऊ नका. मी रात्री पिंपात निवळत..."

"वृंदा, मी मंत्रालयाच्या फायली हलवतो. एक बादली हलणार नाही?"

"हलेल हो. पण त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर..."

"घालणारच! तुझी ती चिमूटभर नीळ आता जुनी झाली."

वृंदाताईंनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा विश्वनाथरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मग वृंदाताईंनी मनातल्या मनात देवाला नमस्कार केला आणि तोंड मिटलं.

पारायण गुरुवारी सुरू झालं. गुरुवार, शुक्रवार विश्वनाथरावांनी बायकोनेच धुऊन ठेवलेले शर्ट घातले आणि दोन्ही संध्याकाळी विचारलं, "बघ, अडलं का काही?"

शनिवारी सुट्टी. सोमवारी संसदीय समितीपुढे साहेबांच्या मागे बसायचं होतं, म्हणून त्यांनी सहाच्या सहा शर्ट भिजत टाकले. धुतलेलेही त्यातच टाकले, आणखी उजळावेत म्हणून. मोटरचं ताजं पाणी, त्यावर पावडर ओंजळभर.

तासाभराने ते हातात गळका शर्ट घेऊन चंद्रप्रभाबाईंच्या दारात उभे राहिले.

"वृंदा! हे बघ काय झालं! ऊठ आधी!"

वृंदाताईंचं ओवीखालचं बोट थांबलं. नवऱ्याचा चेहरा भिजलेल्या मांजरासारखा झाला होता. उठावं, असं त्यांना वाटलंही. एवढ्यात नैवेद्याची तयारी करणाऱ्या चंद्रप्रभाबाई पुढे झाल्या.

"भावजी, चपला बाहेर. आणि हे काय, शर्ट गेरूत बुडवलात? संन्यास घेताय की काय?"

"अहो, पावडर भेसळीची असणार!"

बाईंची सून अलका दुर्वा निवडत होती. "काका, मोटरच्या पाण्यात लोखंड असतं. पावडर पडली की ते कपड्यावर बसतं. आमच्याकडे भांडी घासायला येते तिलासुद्धा माहीत आहे."

विश्वनाथरावांनी बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

वृंदाताईंनी मान डोलावली.

"मग सांगितलं का नाहीस?"

वृंदाताईंनी पान उलटलं.

आरती होईपर्यंत ते जिन्यात शर्ट धरून बसले. जाणारे-येणारे थांबून बघत होते. प्रसाद घेऊन वृंदाताई बाहेर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लिंबू-मीठ चोळा आणि उन्हात टाका. चार-पाचदा करावं लागेल. पाणी पिंपातलं घ्या."

"आणि तू?"

"मला इथे पानं वाढायची आहेत."

सोमवारी विश्वनाथराव निळ्या चौकड्यांच्या शर्टात समितीपुढे बसले. त्या शर्टाकडे कुणाचं लक्षही गेलं नाही, कुणी एक शब्द काढला नाही. घरी आल्यावर त्यांनी हे दुःख दोनदा सांगितलं. वृंदाताईंनी दोन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतलं आणि सहाव्या दिवसाच्या वाती वळायला बसल्या.