आवाजगुरूंचं बटण

रविवारी सकाळी आवाजगुरूंच्या दुकानासमोर इतकी गर्दी व्हायची की शेजारच्या बेकरीवालीला स्वतःच्याच दारात शिरताना कोपरं मारावी लागत. दुकान मुळात साधं. जुन्या कॅसेटी, स्पूलच्या टेपा आणून द्यायच्या आणि त्यातलं गाणं-बोलणं पेनड्राइव्हवर उतरवून न्यायचं. मागच्या वर्षापर्यंत या माणसाला सगळे टेपवाला म्हणत आणि त्याच्याकडे कुत्रंही फिरकत नसे. मग एके दिवशी एका म्हाताऱ्याच्या स्पूलमध्ये, बोलणं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत, अगदी पुसट हाक ऐकू आली. म्हातारा हमसून हमसून रडला. टेपवाल्याने दाढी वाढवली, पाटी बदलली आणि तो आवाजगुरू झाला.

"यंत्र जुनं होतं, तसा आत्मा फितीत अडकतो," गुरू गळ्यात हेडफोन घालून, डोळे मिटून सांगत. "तो शब्दांत नसतो. शब्दांच्या आधीच्या पोकळीत असतो. लोक आवाज पकडतात, मी आवाजाचा श्वास पकडतो."

श्वास पकडायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याचे कान अशुद्ध आहेत, असं गुरू तिथल्या तिथे जाहीर करत. अशुद्ध कानाचा म्हणून मिरवायची हौस कुणाला असणार?

त्या रविवारी पहिल्या ओळीत बिट्टी बसली होती आणि पार मागे, भिंतीला टेकून, तिची थोरली बहीण उभी होती. थोरलीचा कोपऱ्यावर दवाखाना होता. रोगी तिला डॉक्टरीणबाई म्हणत, घरचे ताई. त्यांचे बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबांना रेकॉर्डिंगचा भारी नाद. खोकंभर स्पूल त्यांनी मागे ठेवले होते, पण त्यांचं यंत्र कधीच मोडीत गेलेलं. आता स्पूल वाजवणारं यंत्र गावात फक्त गुरूंकडे होतं.

गुरूंनी बाबांचा स्पूल चढवला आणि आवाजाचं बटण हळूहळू पिळून टोकाला नेलं. खरखर भरून आली. लोकांनी माना पुढे काढल्या. आणि त्या खरखरीतून, विहिरीच्या तळातून यावी तशी, बाबांची हाक आली. "बिट्टे..."

खट्. गुरूंचं बोट बटणावर पडलं आणि यंत्र थांबलं.

"दमले ते," गुरू म्हणाले. "एका हाकेला त्यांना किती कष्ट पडतात, तुम्हाला कल्पना नाही."

बिट्टी पदरात तोंड खुपसून रडायला लागली. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. किती नशिबाची गं पोर, असं कुणीतरी म्हणालं.

भूत वगैरे काही नसतं हे ताईला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी, त्या नसलेल्या भुताने आपल्याला हाक मारली नाही, याचा तिला सणसणून राग आला होता. बाबांचं शेवटचं आजारपण कुणी काढलं? त्यांना भरवलं कुणी, कूस बदलून दिली कुणी, रात्री खोकला उठला की उशाशी कोण बसायचं? बिट्टी यायची पाहुण्यासारखी, फुलं घेऊन. आणि हाक कुणाला, तर बिट्टीला.

घरी आल्यावर बिट्टीने तिची समजूत काढली, म्हणजे जखमेवर मीठच चोळलं. "तुझंही नाव घेतील गं ते, ताई. तीन टेपा झाल्या, तिन्हींत मीच आले, पण धीर धर. आणि हो, पुढच्या रविवारी मी टेपा मुक्त करायला देतेय. सगळ्या."

"मुक्त म्हणजे?"

"गुरूंच्या मागच्या अंगणात पिंप आहे ना, त्यात जाळतात. फीत जळली की आत्मा सुटतो. सगळं पेनड्राइव्हवर घेतलंय त्यांनी."

"काय घेतलंय? ऐकलंस तू?"

"फीत जळेपर्यंत ऐकायचं नसतं."

"बिट्टे, वेड लागलंय का तुला? त्या टेपांत बाबा आहेत. दुसरीकडे कुठेही ते उरलेले नाहीत."

बिट्टीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तू जळतेस, ताई. त्यांनी मला हाक मारली ना, तुला सहन होत नाहीये."

ते शंभर टक्के खरं होतं. आता ती गल्लीत कुणालाही काही सांगायला गेली असती, तरी लोकांनी हेच तोंडावर मारलं असतं. खोकं बिट्टीच्या ताब्यात, गर्दी गुरूंच्या ताब्यात, आणि ताईच्या ताब्यात नुसती पोटदुखी.

आठवड्याच्या मध्यावर एक पोस्टमन दवाखान्यात आला. पडून नडगी फुटली होती. त्याने घरीच भरपूर जांभळं औषध ओतून, वर करकचून पट्टी गुंडाळली होती. ताई पट्टी उलगडू लागली. बाहेरच्या वेढ्यावर जेमतेम दिसेल असा डाग होता. त्याच्या आतल्या वेढ्यावर थोडा गडद, त्याच्या आत आणखी गडद, आणि जखमेला लागलेल्या वेढ्यावर काळाजांभळा डाग. उलगडलेली पट्टी टेबलावर लांब पसरली, तर एकच डाग पुन्हा पुन्हा, सारख्या अंतरावर, फिका होत गेलेला. औषध पडलं होतं एकाच जागी. ताईचा हात तसाच थांबला.

"फार बिघडलंय का हो, डॉक्टरीणबाई?" पोस्टमनने घाबरून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "उलट आता सुधारेल."

रविवारी अंगणात पिंप मांडलेलं होतं. बिट्टीचं खोकं त्याच्या शेजारी. गुरूंनी शेवटचं श्रवण म्हणून तोच स्पूल चढवला. खरखर, मग पुसट "बिट्टे...", आणि बोट बटणाकडे निघालं.

"थांबवू नका," ताई मागून म्हणाली.

गर्दी वळली. गुरूंनी यंत्र थांबवलंच. "आत्मा दमलाय, बाई."

"तुम्हाला कसं कळतं? दर वेळी एका हाकेतच दमतो?"

"हिला बहिणीचं बघवत नाहीये," कुणीतरी बोललं. दोघी-तिघी हसल्या.

"नाही बघवत," ताई म्हणाली. "जळून खाक झालेय मी. पण माझं जळणं बाजूला ठेवा आणि मला एवढंच सांगा, हाकेनंतर टेपेत काय आहे ते आजवर कुणी ऐकलंय?"

ताई पुढे आली आणि बहिणीशेजारी बसली. "बिट्टे, तुला एक हाक पुरते? पुढे बाबा काय म्हणाले, ते नको ऐकायला?"

बिट्टी पिंपाकडे बघत राहिली. मग उठली. गुरू पुन्हा कानांच्या शुद्धीबद्दल सुरू झाले होते, तोवर तिने टेप थोडी मागे घेतली, चालू केली आणि थांबवायच्या बटणावर स्वतःचा तळवा दाबून धरला. "हात लावाल तर बघा," ती गुरूंना म्हणाली.

खरखर. पुसट "बिट्टे...". क्षणभर शांतता. आणि मग बाबांचा खणखणीत, जिताजागता आवाज अंगणभर झाला. "बिट्टे! उतर खाली टेबलावरून. कविता म्हणायला सांगितली होती, चढायला नाही."

अंगण हसलं. बिट्टीही रडता रडता हसली.

ताईने पिशवीतून पोस्टमनची पट्टी काढली आणि उलगडून दोन बायकांच्या हातात टोकं दिली. "हा मोठा डाग बघा. औषध इथे पडलं. बाकीचे डाग कुणी पाडले? कुणीच नाही. वर्षानुवर्षं घट्ट गुंडाळलेल्या टेपेचंही हेच होतं. ती चुंबकाची पट्टी असते. मोठ्याने बोललेला शब्द एका वेढ्यावर जोरात बसतो आणि चिकटलेल्या शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. तो शेजारचा वेढा आधी वाजतो, म्हणून खऱ्या हाकेच्या आधी तिची सावली ऐकू येते. गुरू सावली ऐकवतात आणि हाक यायच्या आत बटण दाबतात. एवढीच विद्या. म्हणून तर टेपा जाळायची घाई. मी म्हणते म्हणून मानू नका, मी तर जळकी बाई. आपापली टेप चालू ठेवा आणि ऐका."

सगळ्यात आधी बेकरीवाली उठली. तिच्या दिवंगत नवऱ्याने फितीतून "अगं..." अशी हाक मारली होती. तिचा स्पूल गुरूंच्या दुसऱ्या यंत्रावर पुढे चालवला, तर हाक नवऱ्याची नव्हतीच. "अगं वहिनी, चहा टाक," असं दीर ओरडत होता. तो दीर गर्दीत उभा होता, चांगला धडधाकट, आणि आपण कधी मुक्त झालो याचा विचार करत होता. यानंतर गुरूंना पोकळीचं ज्ञान सांगायला कुणी उरलं नाही. जो तो आपली टेप मागायला लागला. पिंप रिकामंच राहिलं.

सांगायचं ते इतकंच. कुणी तुम्हाला चमत्कार दाखवून मध्येच थांबवला, तर हात जोडायच्या आधी म्हणा, जरा पुढे चालू द्या. खरं असेल तर पुढेही टिकेल. आणि विचारणारा मत्सरी आहे की सज्जन, याने उत्तर बदलत नाही.

इकडे बाबांचा स्पूल कुणी बंदच केला नव्हता. गलबला ओसरला तेव्हा लहान बिट्टीची कविता संपत आली होती. मग बाबांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत, यंत्राजवळून. "ताई, आवाजाची सुई हलतेय ना गं?" आणि एक बारीक आवाज, "हलतेय, बाबा." "बघत राहा. तू आहेस म्हणून मला जमतं हे."

बिट्टीने टेप मागे घेतली आणि त्या वाक्याच्या आधीच्या खरखरीला कान लावला. पुन्हा घेतली, पुन्हा लावला. "तुझी सावली नाहीये गं."

"हळू बोललेलं उमटत नाही," ताई म्हणाली. "मी त्यांच्या शेजारीच असायचे."

बिट्टी खोकं उचलून ताईच्या मांडीवर ठेवत फुरंगटून म्हणाली, "माझ्याशी नाही कधी इतकं हळू बोलले ते."